निपाणीच्या तालमीत

गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस बेळगावनजीकच्या एका खेड्यात आम्ही मुक्कामास होतो. रात्रीची जेवणे आटोपल्यावर घरची बाई ओटीवर येऊन बसली आणि थोडा वेळ इकडचे तिकडचे बोलून झाल्यावर म्हणाली, “काय वो गुरुजी, गावात नवी तालीम झालीया. पोरं तलवारीचा खेळ शिकत्यात म्हनं. आमचा धाकटा रोज हट्ट धरतोय. धाडावं का नको?”

तिच्या मनात तीन शंका होत्या. हत्याराच्या खेळाने पोर दांडगट होईल काय, ही पहिली. तालमीत मारुतीची तसबीर असते, तेथे ख्रिस्ती पोराने कसे वागावे, ही दुसरी. तिसरी सांगताना ती जरा अडखळली. हा खेळ दोघांनी खेळावयाचा असतो आणि तिच्या मुलाच्या वयाचा व उंचीचा दुसरा मुलगा म्हणजे शेजारच्याचा. त्या घराशी शेताच्या बांधावरून तीन वर्षे बोलचाल बंद होती.

ठाऊक नसलेल्या गोष्टीवर सल्ला देणे बरे नव्हे. त्या तालमीत शिकविणारा तरुण निपाणीकडील एका वृद्ध वस्तादांच्या हाताखाली तयार झालेला आहे, असे चौकशीअंती कळले. तेव्हा झाडाची परीक्षा मुळाशीच करावी, असे ठरवून आम्ही दुसरे दिवशी बेळगावास आलो आणि तेथून निपाणीची वाट धरली.

बेळगाव शहराचे नाव १ नोव्हेंबर २०१४ पासून कागदोपत्री बेळगावी असे झाले आहे. परंतु मराठी माणसाच्या तोंडी ते बेळगावच राहिले आहे. या गावाला शस्त्रांचा शेजार जुना. येथला किल्ला रट्ट राजांच्या अमदानीतला, तेराव्या शतकाच्या आरंभीचा. आतील कमल बस्ती नावाचे जैन मंदिर १२०४ सालच्या सुमाराचे मानतात. पुढे आदिलशाही आली, मराठे आले आणि १८१८ साली इंग्रजांनी हा किल्ला घेतला. १९२२ पासून मराठा लाइट इन्फंट्री या पलटणीचे शिक्षणकेंद्र येथे आहे. बांधे असलेल्या शेतकऱ्यांची पोरे येथे भरती होतात आणि कवायत शिकून देशाच्या सीमेवर जातात.

येथील शिवजयंती ज्याने पाहिली नाही, त्याने बेळगाव पुरते पाहिले नाही. इतरत्र १९ फेब्रुवारीला उत्सव होतो. बेळगावकर मात्र वैशाखातील तिथी धरून बसले आहेत. दोन दिवसांनी चित्ररथांची मिरवणूक निघते आणि ती रात्रभर चालते. ढोल-ताशे, लेझीम, मशाली, आणि मधूनच रस्त्यावर गोल रिंगण धरून चाललेले मर्दानी खेळ. दहा-बारा वर्षांच्या मुलीदेखील लाठी फिरविताना आढळतात. पाहणारा टाळ्या देतो आणि पुढे सरकतो. त्या पाच मिनिटांच्या खेळामागे किती संध्याकाळी गेल्या, याचा विचार रिंगणाबाहेरच्या माणसाला सहसा शिवत नाही. आम्हालाही तो पूर्वी कधी शिवला नव्हता.

बेळगावाहून निघाल्यावर पहिले गाव लागते काकती. कित्तूरची राणी चन्नम्मा हिचे हे माहेर. १८२४ साली दत्तकाच्या प्रश्नावरून तिने कंपनी सरकारशी शस्त्र धरले, हे कानडी व मराठी दोन्ही घरांत सारख्याच अभिमानाने सांगितले जाते. पुढे वंटमुरीचा चढ, मग हत्तरगी, मग हिरण्यकेशीच्या काठचे संकेश्वर. दोहो बाजूंस ऊस, मका, सोयाबीन. दुकानांच्या पाट्या कानडी. बसमधील बोलणे निम्मे मराठी, निम्मे कानडी. आमच्या शेजारी बसलेल्या म्हाताऱ्याने वाहकाशी कानडीत हुज्जत घातली, आम्हाला मराठीत वेळ विचारली आणि मांडीवरच्या नातवाला कोणत्या भाषेत दटावले ते शेवटपर्यंत उमगले नाही. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची फेररचना झाली आणि हा मुलूख तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेला. त्याविषयीचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. त्या वादात शिरण्याचे हे स्थळ नव्हे. एवढेच सांगतो की, या वाटेवर दोन पक्ष समोरासमोर उभे असणे ही नित्याची गोष्ट आहे आणि म्हणूनच समोरासमोर उभे राहून खेळावयाच्या खेळाला येथे निराळा अर्थ येतो.

तवंदीचा घाट उतरला की निपाणी दिसू लागते. पेशवाईच्या अखेरच्या काळात गाजलेले सरदार सिद्धोजीराव नाईक-निंबाळकर यांचे हे ठाणे. त्यांचा वाडा अद्याप गावात आहे. पण निपाणीची खरी ओळख तंबाखूची. काळ्या जमिनीत पिकणारा विडीचा तंबाखू, त्याच्या वखारी आणि घरोघर सूप मांडीवर घेऊन विड्या वळणाऱ्या बाया. १९८१ साली तंबाखूला रास्त भाव मिळावा म्हणून शेतकऱ्यांनी येथेच महामार्ग अडविला होता. त्या आंदोलनात गोळीबार होऊन माणसे दगावली. त्या दिवसांच्या आठवणी सांगणारे लोक आजही भेटतात. येथून कोल्हापूर अवघे चाळीस किलोमीटर. त्यामुळे तालमीचा षोक येथे कोल्हापुराहून वाहत आला, तो आजतागायत टिकून आहे.

वस्तादांचे गाव निपाणीपासून थोडे आत. आम्ही पोहोचलो तेव्हा दिवस कलला होता. तालीम म्हणजे पत्र्याचे छप्पर, मधोमध तांबड्या मातीचा हौदा, एका कोपऱ्यात करेला व डंबेल्स, भिंतीवर मारुतीची तसबीर. वस्ताद दारातच बसले होते. वय पंचाहत्तरीच्या पुढचे, पाठ ताठ, डोक्याला पटका. आम्ही येण्याचे कारण सांगितले. त्यांनी उत्तर दिले नाही. “बसा, गुरुजी. आदी बगा, मग इचारा,” एवढेच म्हणाले.

हळूहळू मुले जमली. प्रत्येकाने दाराशी वाकून मातीला हात लावला, तो कपाळी नेला आणि आत आला. कोणी तसबिरीपुढे हात जोडले, कोणी जोडले नाहीत. त्यांत दोन मुलगे मुसलमानांचे होते. आमच्या नजरेतला प्रश्न वस्तादांनी ओळखला असावा. ते म्हणाले, “ज्याचा त्याचा द्येव ज्यानं त्यानं आपल्या घरात पुजावा. माती मातुर समद्यांची. तिला शिवल्याबगर हितं कुनी खेळत न्हाई. माजं वस्ताद मुसलमानच हुतं.” मराठीतला वस्ताद हा शब्द मुळी फारसीतील उस्ताद. शब्द ज्या वाटेने आला, त्याच वाटेने विद्याही आली. मोहरमात पंज्यांपुढे लाठ्या खेळणाऱ्यांत या भागात हिंदू पोरे असतातच. बाईच्या दुसऱ्या शंकेचे उत्तर आम्हाला न विचारता मिळाले.

शिक्षण आरंभापासून पाहावयास मिळाले. तलवार कोणाच्याच हाती नव्हती. नवशिक्यांना प्रथम पवित्रे. पाय कसा टाकावा, भार कोणत्या पायावर असावा, मागे सरताना टाच उचलावी की घासावी, हेच तासभर. त्यानंतर फरी-गदका. गदका म्हणजे चामड्याने मढविलेली सुमारे तीन फुटांची छडी. ती तलवारीच्या जागी. फरी म्हणजे वीतभर व्यासाची चामडी ढाल. ती डाव्या हातात. दोघे समोरासमोर उभे राहतात, एकमेकांना सलामी देतात आणि ठरलेले वार ठरलेल्या क्रमाने सुरू होतात. डोक्यावरचा तो शिर, गालावरचा तो तमाचा, कमरेवरचा तो कमर, भोसकण्याचा तो हूल. एकाने वार करावा, दुसऱ्याने फरीवर झेलावा आणि झेलता झेलताच उलट वार काढावा. पहिल्याने तो चुकवावा. असे चक्र फिरत राहते. गती वाढली की दोन छड्यांचा व दोन ढालींचा मिळून एकच ताल ऐकू येऊ लागतो.

प्रथमदर्शनी आम्हाला वाटले, सारे ठरलेलेच आहे, तर यात लढाई ती कोणती? आम्ही तसे बोलूनही दाखविले. वस्ताद उठले, एका पोराकडून गदका घेतला आणि दुसऱ्या हाती फरी न घेताच एका चौदा-पंधरा वर्षांच्या मुलापुढे उभे राहिले.

“मार तमाचा,” ते म्हणाले. मुलाने हात उचलला, पण वार चार बोटे अलीकडेच थांबविला. वस्ताद रागावले. “खोटा मारलास. माज्या कानावर मार. मी न्हाई वाचवला तर तुजी चूक न्हवं, माजी. पर तू खोटा मारलास तर मी काय शिकनार आनि तू काय शिकनार?” मुलाने दुसऱ्यांदा मारला तो खरा होता. छडी कानाशी येईपर्यंत म्हातारा हलला नाही. मग केवळ मान आणि खांदा यांत काही फरक झाला आणि छडी हवेतून गेली. त्याच क्षणी वस्तादांचा गदका मुलाच्या मनगटावर येऊन टेकला. लागला नाही, टेकला.

मग आम्हाला उलगडले. क्रम ठरलेला असतो, म्हणूनच वार खरा करता येतो. जोडीदार कोठे असेल हे ठाऊक असल्यामुळे आपण पूर्ण जोराने जाऊ शकतो; आणि आपण पूर्ण जोराने येऊ, हे ठाऊक असल्यामुळे त्याला पूर्ण सावध राहावे लागते. वार अलीकडे थांबविणे ही दया नव्हे. त्यायोगे समोरच्याच्या हाताला झेलण्याची सवय लागत नाही आणि खऱ्या प्रसंगी तो उघडा पडतो. आणि रागाने, क्रम मोडून मारणे हे शौर्य नव्हे, तो विश्वासघात. या दोहोंच्या मधली जी अरुंद वाट, ती या मुलांना रोज संध्याकाळी तुडवावयाची असते.

त्या वाटेवरून घसरण्याचा एक प्रसंगही आमच्यासमोरच घडला. एका जोडीत चढाओढ लागली. एकाने ठरल्यापेक्षा आधीच कमरेचा वार काढला. दुसऱ्याची फरी वर होती. छडी सणकन बोटांवर बसली. मार खाल्लेला मुलगा कळवळला, पण ओरडला नाही. तालीम स्तब्ध झाली. वस्तादांनी मारणाऱ्याला शब्दाने बोल लावला नाही. त्याला घरी पिटाळून हळद व तेल आणविले आणि आपल्याच हाताने जोडीदाराची बोटे चोळावयास लाविली. नंतर म्हणाले, “आता महिनाभर तू झेलायचं. त्यो मारनार, तू झेलनार. ज्यानं झेललं न्हाई, त्याला मारायचा हक न्हाई.” शिक्षा ऐकून मुलाने मान खाली घातली, दुसऱ्याच्या चेहऱ्यावर विजयाचा लवलेशही नव्हता. पुढल्या महिन्यात आपल्या हाती काय जोखीम येणार, हे त्याला कळले असावे.

अंधार पडू लागला तेव्हा वस्तादांनी कापडात गुंडाळलेला दांडपट्टा बाहेर काढला. हात कोपराजवळपर्यंत झाकणारा लोखंडी खोबळा आणि त्यापुढे सुमारे चार फुटांचे लवचीक, दुधारी पाते. प्रतापगडावर १० नोव्हेंबर १६५९ रोजी सय्यद बंडाचा वार जिवा महालाने अडविला, त्याची आठवण ‘होता जिवा म्हणून वाचला शिवा’ या म्हणीत राहिली आहे. त्या जिवाचे नाव पट्ट्याशी जोडले जाते. २०२४ साली महाराष्ट्र शासनाने दांडपट्ट्याला राज्यशस्त्राचा मान दिला. वस्तादांना ती बातमी ठाऊक होती. “मान दिला, बरं झालं,” ते म्हणाले, “पर पट्टा फिरवायला पोरं दहा वर्सं गावात राहाय पायजेत की.”

हीच त्यांची खरी व्यथा. पाच-सहा वर्षे घाम गाळून एखादी जोडी जमते. एकाचा श्वास दुसऱ्याला कळू लागतो. मग एक मुलगा कागलच्या किंवा कोल्हापूरच्या कारखान्यात लागतो, दुसरा पुण्याला जातो. कुस्तीगीर दुसऱ्या तालमीत जाऊन कोणाशीही लढू शकतो. हा खेळ मात्र जोडीदारावाचून अर्धा राहतो. हौद्याच्या पलीकडे एक पंचविशीचा तरुण एकटाच पवित्रे टाकीत होता. तो वार करी, थांबे, समोर कोणी झेलल्याइतका वेळ जाऊ देई, मग पुढचा वार करी. त्याचा जोडीदार दोन वर्षांपूर्वी पुण्यास गेला होता. दसऱ्याला दोन दिवस येतो, तेव्हाच काय ती जोडी पुरी होते.

ते दृश्य पाहताना आम्हाला जपानाविषयी वाचलेले काही आठवले. तिकडेही तलवारीची विद्या जोडीने खेळावयाच्या ठरीव क्रमांतूनच जतन झाली आहे; त्या क्रमांना ते काता म्हणतात. कातोरी येथील एक घराणे तर पंधराव्या शतकापासून चालत आले आहे. १८७६ साली जपानी सरकारने सामान्यतः तलवार कमरेला लावण्यास बंदी केली. आपल्याकडे १८७८ साली इंग्रजांनी हत्यारांचा कायदा करून शस्त्र बाळगण्यास परवान्याची अट घातली. दोन वर्षांच्या अंतराने दोन्ही देशांत पोलादावर बंधन आले आणि दोहोंकडे विद्या टिकली ती लाकडाच्या व चामड्याच्या आधाराने. १९१२ साली जपानात शाळा-संस्थांसाठी असे दहा क्रम निश्चित करण्यात आले. त्यांतला एक रिवाज आम्हाला विशेष वाटला. जोडीत जो वडीलधारा, शिकविणारा, तो प्रथम वार करतो आणि क्रमाच्या शेवटी हरतो. जिंकण्याची बाजू नेहमी शिष्याची. हरणाऱ्याचे काम अधिक कठीण म्हणून ते गुरूकडे. आम्ही हे वस्तादांना सांगितले. ते हसले. “मग आनि काय? जितायला पोरगं असतंय. हरायला वस्ताद लागतोय.”

आणखी एक गोष्ट त्यांना सांगितली, ती आमच्या वाचकांनाही सांगण्याजोगी आहे. १८७५-७६ साली इंग्लंडचे युवराज हिंदुस्थानात आले असता कोल्हापूरच्या छत्रपतींकडून त्यांना एक रत्नजडित मुठीची तलवार भेट गेली. शिवाजी महाराजांची म्हणून ती मानली जाते. जगदंबा या नावाने ती प्रसिद्ध आहे आणि इंग्लंडच्या राजघराण्याच्या संग्रहात आहे. मूठ आपल्याकडची, पाते मात्र सरळ, युरोपात घडविलेले. पोर्तुगीजांच्या व्यापारातून अशी पाती या किनाऱ्यावर येत, म्हणून त्या तलवारींना फिरंग म्हणत. या पात्यावर ‘आय. एच. एस.’ ही अक्षरे तीन वेळा उमटविलेली आहेत. ही येशूच्या नावाची ग्रीक भाषेतील पहिली तीन अक्षरे. आपल्या वेदीच्या वस्त्रांवर ती आपण नित्य पाहतो. युरोपातील लोहार पात्यावर पवित्र नाव घालीत. त्या लोहाराला आपले पाते सह्याद्रीत कोणाच्या हाती जाईल याची कल्पना नव्हती. आणि मराठ्यांनी ती अक्षरे घासून काढली नाहीत. वस्तादांनी हे लक्षपूर्वक ऐकले आणि पट्टा पुन्हा कापडात गुंडाळताना विचारले, “त्या बाईला सांगशिला न्हवं ह्ये?”

रात्री निपाणीस परतलो आणि सकाळच्या बसने बेळगाव गाठले. वाटेत जोड्यांचाच विचार मनात होता. गावात मारामाऱ्या करणाऱ्यांना जोडीदार लागत नाही. त्यांना फक्त शत्रू पुरतो. तालमीतल्या मुलाला मात्र समोरचा माणूस धडधाकट हवा असतो. त्याची बोटे सुजली तर आपलाही खेळ बंद, तो गाव सोडून गेला तर आपले निम्मे अंग गेले. दांडगाई आणि विद्या यांत फरक तो एवढाच, असे आम्हास वाटते.

बाईला आम्ही सारे जसेच्या तसे सांगितले. बोटांवर बसलेली छडीही लपविली नाही. कारण मार लागणारच नाही असे वचन देणे खोटेपणाचे झाले असते. मातीला शिवण्याचे सांगितले, फिरंगी पात्याचे सांगितले. तिसऱ्या शंकेवर मात्र आम्ही आमचे मत दिले. म्हणालो, “बाई, धाडणार असाल तर त्या शेजारच्या मुलाच्याच जोडीला धाडा. दुसरा कोणी शोधू नका.”

ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “त्याच्या आईला इचाराय पायजे. आनि ती माज्यासंगं बोलत न्हाई.”

“मग तुम्ही बोला,” आम्ही म्हणालो. “पहिला वार मोठ्याने करावयाचा असतो, आणि हरावयाचेही मोठ्यानेच, असे आम्ही शिकून आलो आहोत.”

यावर ती हसली की रागावली, हे ओटीवरच्या अंधारात दिसले नाही. नाताळापूर्वी पुन्हा त्या गावास जाण्याचा योग आला. तालमीच्या दारात आम्ही दहा मिनिटे उभे होतो. दोन सारख्या उंचीची मुले फरी-गदका घेऊन समोरासमोर होती. एकाचे वार अजून खोटे पडत होते आणि दुसरा त्याला ओरडून सांगत होता, “खरा मार की लेका!”

बांधाचा वाद अजून मिटलेला नाही. परंतु दोन्ही घरच्या आया संध्याकाळी मुलांना न्यावयास येतात आणि एकाच कट्ट्यावर, हातभर अंतर ठेवून, बसतात.